बंबखान्यातला रविवारचा वर्ग

माझ्या उजव्या अंगठ्याच्या बुडाशी दातांची खूण आहे. आयुष्य बंबखान्यात काढलेल्या माणसाच्या अंगावर भाजल्याचे डाग असणार, असं लोक धरूनच चालतात. तेही आहेत. पण नातवंडांना कुतूहल या खुणेचं. "आजोबा, कुत्रं चावलं?" असं विचारतात. मी सांगतो, "नाही रे, माणूस चावला. आणि चावला ते बरोबरच केलं त्यानं."

या अंकासाठी लिहायचं ठरलं तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, मोठमोठ्या आगींचं लिहा. गोदीतली, गिरणीतली." आता खरं सांगू का? मोठ्या आगीत फायरमनला दिसतं काय, तर धूर आणि पुढच्या माणसाची पाठ. मोठ्या आगीचं वर्णन वर्तमानपत्रवाले आमच्यापेक्षा चांगलं करतात, कारण ते लांब उभे असतात. म्हणून मी लहान आगीबद्दल लिहितो. चाळीतल्या एका खोलीपुरत्या आगीबद्दल आणि तिच्यातून पुढे जे काय झालं त्याबद्दल.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी लालबाग-परळच्या बाजूला नोकरीला होतो. खाली बंब, वर आमची बिऱ्हाडं. घंटा झाली की हातातला घास ताटात टाकून खाली धावायचं. आमच्याकडे आगीची खबर आली की तिला 'वर्दी आली' म्हणतात. वर्दी आल्यावर अर्ध्या मिनिटात बंब रस्त्यावर दिसला पाहिजे, असा आमच्या साहेबांचा दंडक. साहेब म्हणजे फर्नांडिस साहेब, मूळचे वांद्र्याचे. इंग्रजी फर्डं, पण मराठी बोलत ते त्यांच्या आईचं, गावठाणातलं.

धुरानं भरलेल्या चाळीत माणूस शोधायची आमची रीत साधी होती. दार ठोठावायचं, "आत कोण आहे का?" म्हणून ओरडायचं. ओ आली तर बाहेर काढायचं. ओ आली नाही आणि दाराला आतून कडी असली, तर आत माणूस बेशुद्ध पडलाय असं समजायचं, कुऱ्हाडीनं दार फोडायचं आणि सापडेल त्याला उचलायचं. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या दुपारी परळच्या एका चाळीत तिसऱ्या मजल्यावर स्टोव्हचा भडका उडाला. गाद्या पेटल्या, बोळात काळा धूर कोंडला. माणसं खाली उतरली होती. मी एकेक दार बघत शेवटच्या खोलीपाशी आलो. कडी आतून. ठोठावलं, ओरडलो, लाथ मारली. ओ नाही. दार फोडलं. आत बघतो तर एक तिशीचा माणूस खिडकीकडे तोंड करून बसलेला, शांतपणे वह्या शिवतोय! वारा उलटा होता म्हणून त्याच्या खोलीत धूर शिरला नव्हता. माझ्या मनात आलं, हा वेडा तरी आहे नाहीतर प्यालेला. मी मागून जाऊन त्याला कवेत घेतला आणि उचलला.

तो जो उसळला! डोक्यावर पितळी टोप, तोंडाला ओलं फडकं, हातात कुऱ्हाड असा माणूस मागून येऊन धरतो म्हणजे दरोडेखोरच की. त्यानं माझा अंगठा चावला. मी सोडलं नाही. ओढत ओढत जिन्यापर्यंत आणला आणि तिथे आम्ही दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून दहा-बारा पायऱ्या गडगडत खाली आलो. मला काही झालं नाही. त्याचा उजवा हात कोपरात मोडला. पण माणूस वाचवला म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंबखान्याच्या फाटकात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पांढरं नऊवारी नाही, साधं सुती पाचवारी, हातात छत्री, पायात चपला, खांद्याला पिशवी. बरोबर तो माणूस, हात प्लास्टरमध्ये गळ्यात अडकवलेला.

"माझ्या भावाला जिन्यावरून पाडणारे कोण?"

माझा जोडीदार राणे माझ्याकडे बघायला लागला. मी पुढे झालो. "मी परब. पण बाई, पाडलं नाही, वाचवलं."

"हा हात बघा. हा बुकबाइंडर आहे. गिरगावच्या छापखान्यात कामाला आहे. आता दोन महिने हात बांधलेला."

"मी दार ठोठावलं होतं. घसा फोडून ओरडलो."

"त्याला ऐकू येत नाही. जन्मापासून."

उगाच अंगावर येऊ नये म्हणून मी म्हटलं, "ते आम्हाला कसं कळणार?"

बाईंनी छत्री भिंतीला टेकवली. "तेच विचारायला आलेय. कसं कळणार? मी शाळेत असते. आई नाही, वडील नाहीत. आज स्टोव्ह होता, उद्या आणखी काही होईल. तुम्हाला कसं कळेल ते सांगा, मी तसं करते."

इतक्या वर्षांत बंबखान्यात येऊन आम्हाला शिव्या देणारे पुष्कळ पाहिले. 'मी काय करू ते सांगा' म्हणणारं माणूस हे पहिलंच.

त्या सुलोचना मोरे. महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. भावाचं नाव भिकाजी. त्यांच्या घरानं नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. बाईंच्या बोलण्यात एक नवी ताठ मान होती, ती आमच्यातल्या काही जणांना खुपली. मीही त्यातलाच होतो, कबूल करायला हरकत नाही.

फर्नांडिस साहेब वरच्या खिडकीतून सगळं ऐकत होते. खाली आले. म्हणाले, "बाय, तुजा राग बरोबर हाय. पण मना वरशी हुकूम नाय. माज्या मान्सांना सक्ती नाय करता येत."

"सक्ती नकोच," बाई म्हणाल्या. "रविवारी मी आणि भिकाजी येऊ. ज्याला शिकायचं तो शिकेल."

"मग ये," साहेब म्हणाले. "जो येल तो खुशीचा."

पहिल्या रविवारी मागच्या अंगणात आम्ही पाच जण होतो. दोघं गंमत बघायला आलेले, राणेला मी ओढून आणलेला, एक जण साहेबांना खूश करायला आणि मी, अंगठ्याला पट्टी बांधून.

शिकवणारा भिकाजी. बोलके हात असा त्याच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत लौकिक होता म्हणे, पण उजवा हात प्लास्टरमध्ये. त्यामुळे एका हाताच्या खुणा तो डाव्यानं करी आणि दोन हातांची खूण आली की बाई त्याच्या शेजारी सरकून आपला उजवा हात पुढे करत. भावाचा डावा, बहिणीचा उजवा, अशी ती खूण पुरी होई. आम्ही सगळ्या खुणा तशाच उचलल्या. पुढे त्याच्या मित्रमंडळींना भेटलो तेव्हा ते हसून लोळले. लालबागचे बंबवाले सगळे डावखुरे! मी आजही डावखुराच आहे.

आग, धूर, चल, थांब, आत किती माणसं, लहान मूल, उचलायचं, शिडी. सुरुवातीला मी 'चल लवकर' असं सांगायला गेलो की ते 'जेव लवकर' असं व्हायचं. भिकाजी आवाज न करता हसायचा, पोट धरून. पण एका खुणेच्या वेळी तो गंभीर झाला. ती आमच्याकडून त्यानं वीस वेळा करून घेतली. 'मी परत येतो.' बाईंनी त्याचं म्हणणं सांगितलं, "तुम्ही धुरात आम्हाला सोडून दोर आणायला जाता. बाकीच्यांना तुमचा आवाज बाहेरून येत राहतो. आम्हाला वाटतं, गेला तो गेलाच. म्हणून आधी हे सांगा, मग जा."

हे आम्हाला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. तसंच टॉर्चचं. आम्ही टॉर्च समोरच्याच्या तोंडावर मारायचो. तो म्हणाला, स्वतःच्या तोंडावर मारा, फडकं खाली करा, म्हणजे ओठ दिसतील आणि हा माणूस आहे, भूत नाही हे कळेल. आणि दार ठोठावू नका, जमिनीवर पाय आपटा. चाळीची जमीन लाकडी. हादरा फळीतून पायाला लागतो.

तिसऱ्या रविवारी एक आगंतुक आले. काठी टेकत, धोतर नीटनेटकं, वय साठीचं. "इथं डोळेवाल्यांना अंधारात चालायला कोण शिकवतं का?" म्हणाले. हे अण्णा पेडणेकर. एका गिरणीत रंगखात्यात होते, तिथे अपघातात दोन्ही डोळे गेले. मग वेताच्या खुर्च्या विणायला शिकले आणि लालबागमध्ये एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत होते. भिकाजीच्या वर्गाची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

आमच्याकडे सरावासाठी एक धुराची खोली होती. आत अडगळ मांडून, ओलं गवत पेटवून धूर करायचे आणि आम्हाला आत सोडायचे. अण्णा म्हणाले, "मला एकदा तुमची खोली चाचपू द्या. मग माझ्याबरोबर तुमचा सगळ्यात हुशार माणूस सोडा." राणेला सोडला. राणे मालवणचा, अंगानं पैलवान. अण्णा तोंडाला पंचा बांधून आत गेले ते पलीकडच्या दारानं बाहेर आले, पायरीवर बसले, पंचा झटकला, घडी केली. तरी राणे आतच. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि "आये गे!" अशी हाक.

"त्यांना म्हणावं, भिंत सोडू नका," अण्णा म्हणाले. "भिंत कुठे पळून जात नाही."

अण्णांचे नियम थोडे होते. आंधळ्याला ढकलू नका, ओढू नका. आपलं कोपर त्याच्या हातात द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. आधी आपलं नाव सांगा. 'इकडे या' म्हणू नका. "इकडे म्हणजे कुठे? तुमच्या इकडे की माझ्या इकडे?" शेवटचा नियम त्यांनी राणेकडे तोंड करून सांगितला. "आणि ओरडू नका. ऐकू येत नाही ते भिकाजीला. मला फक्त दिसत नाही."

वर्ग वाढला. पाचाचे अकरा झाले. मग मोरे बाईंनी पुढचा प्रश्न काढला. खुणा आल्या, पण कोणत्या खोलीत कोण आहे हे कसं कळणार? तेव्हा आम्ही सुटीच्या दिवशी चाळीचाळींतून फिरायला लागलो. बाई, राणे आणि मी. ज्या घरात ऐकू न येणारं, न दिसणारं, न चालणारं माणूस असेल, त्या घरानं मनात असेल तर सांगावं.

राणेची कल्पना होती, दारावर तांबड्या रंगाची खूण करावी. पहिल्याच चाळीत एक आजीबाई काठी घेऊन अंगावर आल्या. "माझ्या आईनं सांगितलंय मला. पलेगच्या साथीत गोऱ्या साहेबाची माणसं अशीच दारावर खुणा करून जायची. मग त्या घरातलं माणूस परत यायचं नाही." रंगाचा डबा परत गेला. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. खूण दारावर नको, माणसाच्या डोक्यात पाहिजे." तेव्हा असं ठरलं की प्रत्येक चाळीत एक जण स्वखुशीनं हे काम घेईल. बंब आला की त्यानं पुढे यायचं आणि सांगायचं: तिसरा मजला, शेवटची खोली, ऐकू येत नाही. बस्स.

नमुने काय काय भेटले! एका बाईनं नवऱ्याचं नाव बहिरा म्हणून द्यायचा हट्ट धरला. नवरा शेजारीच पेपर वाचत बसला होता. "मला चांगलं ऐकू येतं," तो म्हणाला. "मग वीस वर्षं उत्तर का देत नाही?" असं म्हणून तिनं आमच्याकडे न्याय मागितला. एका काकांनी आख्ख्या मजल्याची नावं दिली. का, तर बंब आधी त्यांच्या मजल्यावर यावा. एक पहिलवान आपल्या आंधळ्या आईला खांद्यावर बसवून बंबखान्यातच घेऊन आला, "हिला बंब दाखवा, हिला फक्त घंटा ठाऊक आहे." म्हातारीनं बंबावरून हात फिरवला, पितळेला गाल लावला आणि म्हणाली, "देवाच्या पालखीसारखा आहे की."

गिरगावच्या बंबखान्यातल्या दोघांनी बोलावलं म्हणून एका रविवारी आम्ही फणसवाडीत गेलो. एका घरी बाईंना आधी आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग चहा आला. दोन कप. राणेला आणि मला. मी कप उचलला, आणि काय झालंय हे कळेपर्यंत एक घोट घेऊनही झाला होता. बाईंनी वही उघडून विचारलं, "घरात कुणाला चालताना त्रास?" यजमानीणबाई आतल्या खोलीकडे बघून हळूच म्हणाल्या, "सासूबाईंना." बाईंनी लिहून घेतलं, नीट पत्ता विचारला, आभार मानले. खाली आल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "परब, मला चहा नको होता. मला नाव हवं होतं, ते मिळालं." तो एक घोट अजून माझ्या घशात आहे.

आणि मग तो हरताळाचा दिवस आला.

गिरण्या बंद, दुकानं बंद, लालबागच्या नाक्यावर माणूसच माणूस. घोषणांनी कानठळ्या बसत होत्या. आम्ही पालिकेचे नोकर. तोंडानं काही बोलायची सोय नव्हती, मनातून मात्र सगळे त्याच घोषणेत होतो. सकाळी दहाच्या सुमाराला वर्दी आली. अण्णांच्या चाळीखालच्या गादीवाल्याच्या दुकानात कापूस पेटला होता.

नाक्यावर रस्त्यात पिंपं आणि दगड आडवे टाकलेले. बंब थांबला तसा लोकांनी गराडा घातला. कुणीतरी अफवा उठवली होती की मोर्चावर पाणी मारायला बंब येणार आहे.

"आमच्यावर पाणी मारायला निघालात काय?"

"अरे बाबांनो, अण्णांच्या चाळीला आग लागलीय!" मी ओरडलो.

"सगळे तेच सांगतात!"

फर्नांडिस साहेब उठून उभे राहिले, पण त्यांची खाकी आणि टोप बघून लोक आणखीच भडकले. एवढ्यात बायकांच्या तुकडीतून मोरे बाई गर्दी कापत पुढे आल्या. भिकाजी मागे. बाई सरळ बंबाच्या पायरीवर चढल्या. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला आवाज तो. "यांना मी ओळखते! हे आपल्या चाळीतल्या आंधळ्यापांगळ्यांची नावं पाठ करणारे लोक आहेत! अण्णांची चाळ पेटलीय, वाट द्या!"

मग कुणीतरी घोषणेच्याच चालीवर ओरडलं, "वाट द्या!" आणि शेकडो गळ्यांनी ते उचललं. पिंपं गडगडत बाजूला गेली. दगड हातोहात हलले. ज्यांनी अडवलं होतं तेच बंबापुढे धावत वाट करायला लागले.

चाळीसमोर माणसं जमली होती. त्या चाळीचं काम अण्णांनी स्वतःकडे घेतलं होतं. पण अण्णा दिसेनात. "ते खाली आले होते," शेजारीण म्हणाली, "जनाकाकू वर राहिल्या म्हणून परत गेले." जनाकाकू तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. संधिवातानं पाय गेलेले. मुलगा मोर्चात.

राणे आणि मी जिना चढलो. दुसऱ्या मजल्यापुढे हातातलं दिसेना. छाती फुटायला आली. मी ओरडणार, तेवढ्यात वरून आवाज आला. टक, टक, टक. काठी भिंतीवर आपटत होती. आम्ही आवाजाच्या रोखानं, भिंत न सोडता, चढलो.

"परब ना?" अण्णांचा आवाज. "पाऊल ओळखलं. डाव्या हाताला चार दारं सोड. पाचवं."

आत जनाकाकू खाटेवर बसलेल्या. मला बघून म्हणाल्या, "माका खय व्हरतास रे? माझी लोणच्याची बरणी ऱ्हवली हय!"

"काकू, बरणी मागसून," राणे त्यांच्याच बोलीत म्हणाला. "आधी तुमी."

जिना आता धुमसत होता. तिकडून परत जाणं शक्य नव्हतं. आम्ही चौघं रस्त्याच्या बाजूच्या गॅलरीत आलो. खाली बंब दिसत होता, साहेब दिसत होते, पण नाक्यावरच्या घोषणा, आमचं पंपाचं इंजिन, लोकांचा गलका. मी ओरडलो ते माझं मलाच ऐकू आलं नाही. साहेब कानामागे हात धरून मान हलवत होते.

आणि त्यांच्या शेजारी भिकाजी उभा होता. वर बघत. त्याला त्या गोंगाटाचं काहीच नव्हतं.

मी डावा हात वर केला. 'शिडी. दोन म्हातारी माणसं. एक चालत नाही. उचलायचं.' त्यानं मान हलवली, साहेबांची बाही ओढली, बाईंनी त्याच्या खुणा बोलून सांगितल्या, आणि दोन मिनिटांत शिडी गॅलरीला लागली. वर आलेल्या फायरमनच्या हातात मात्र लहान मुलाची झोळी होती. कुणाच्या तरी पाळण्याची सोडून आणलेली, फुलाफुलांची.

"ही कशाला?" मी विचारलं.

"भिकाजी म्हणतो, वर तान्हं मूल आहे."

घाईत मी 'उचलायचं'च्या जागी 'बाळ' केलं होतं. जनाकाकूंनी झोळी निरखली. "ह्यात माका घालतलास?"

हसायची वेळ नव्हती, पण राणे हसला, मी हसलो, अण्णाही हसले. मग लुगड्यानं काकूंना माझ्या पाठीला बांधलं. खाली उतरेपर्यंत त्या माझ्या कानात सूचना देत होत्या, "सावकास, झिला, पाय बघ." अण्णांना राणे आधार द्यायला गेला, तर त्यांनी हात बाजूला सारला. "पहिली पायरी कुठे ते सांग. बाकीच्या तशाच असणार." आणि ते एकेक पायरी मोजत, काठी बगलेत धरून, मोर्चावाल्यांच्या जयजयकारात खाली उतरले.

दुकान गेलं, जिना गेला, माणूस एकही गेलं नाही. मी तोंड पुसत उभा होतो, तेवढ्यात भिकाजीनं मला दंडाला धरून रस्त्याच्या मधोमध नेलं. 'हे बाळ,' त्यानं दाखवलं. 'आणि हे उचलायचं.' सगळ्या लालबागदेखत त्यानं माझ्याकडून ते दहा वेळा करून घेतलं.

हे सगळं कागदावर कधीच आलं नाही, याची मला खंत आहे. साहेब निवृत्त झाले, माझी बदली झाली, नंतर आलेल्यांना रविवार घरी घालवायचा होता. त्यांचा तरी काय दोष? भिकाजीचा हात बरा झाला, पण कोपर पुरतं सरळ झालं नाही. जाड पुस्तकं दाबून बांधायचं काम त्याला सोडावं लागलं, तो वह्यांवरच राहिला. त्यानं ते मला कधी बोलून दाखवलं नाही. हातानंही नाही.

पण शेवट या खंतीवर नको करायला. महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी पुढे भिकाजीचं लग्न झालं. नवरी हिरा, तीही त्याच्याच शाळेतली, त्याच्यासारखीच. हिंदमाता सिनेमाजवळच्या एका कापडाच्या दुकानासाठी काजं-बटणं करायची. चाळीच्या पटांगणात मांडव घातला होता. आम्ही अकराच्या अकरा बंबवाले गेलो, अण्णा आणि जनाकाकूही होत्या. काकूंना राणेनं उचलून आणलं होतं.

बुद्धवंदना झाली. मग वधूवरांनी एकमेकांना वचनं द्यायची वेळ आली, आणि लग्न लावणारे गुरुजी अडले. वचन सगळ्यांसमोर बोलून द्यायचं असतं. मोरे बाई दोघांच्या वतीनं बोलणार होत्या. त्या उभ्या राहिल्या, पण भिकाजीचा हात हलला मात्र, त्यांना बोलताच येईना. ज्या आवाजानं मोर्चा बाजूला केला तो आवाज त्या दिवशी गेला. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे बोट केलं.

मी पुढे झालो. भिकाजीनं हात उचलले आणि मी बोलत गेलो. मी पत्नीचा मान राखीन. मी तिचा अपमान करणार नाही. मी तिच्याशी एकनिष्ठ राहीन. मिळवीन ते तिच्या हाती देईन. 'मी, मी' म्हणताना वाटत होतं, ही वचनं मीच देतोय.

मग हिराची पाळी. तिनं ठरलेली वचनं दिली आणि थांबली नाही. आणखी काहीतरी सांगायला लागली. मी बघत राहिलो. पुन्हा कर, असं खुणेनं म्हटलं. तिनं पुन्हा केलं. मी बाईंकडे बघितलं. त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. तेव्हा मी म्हटलं,

"हा माणूस मासे फार घाईनं खातो. काटा अडकला तर याला हाक मारता येणार नाही आणि मारली तरी मला ऐकू येणार नाही. म्हणून मी रोज याच्या समोर बसून जेवीन."

मांडव आधी खो खो हसला. मग हळूहळू गप्प झाला.

पंगतीत बसलो तेव्हा वधूची एक म्हातारी मावशी वाढता वाढता माझ्यापाशी थांबली. "बंबवाले," ती म्हणाली, "ते माशांचं तुम्ही पदरचं तर नाही ना घातलंत?"

"नाही हो मावशी," मी म्हटलं. "एकही शब्द माझा नव्हता."